वैरण

मगदूमांच्या दुकानात मी म्हटलं, फीड पाहिजे.
सुकुमारनं पेन कानावर अडकवलं.
"म्हशीचं का कोंबडीचं?"
तसं नव्हे, वाचायचं.
पेंडीच्या पोत्यावर बसलेले दोघं हसले
आणि सरकून मला जागा केली.

मग सगळं सांगावंच लागलं.
सात माणसं आहेत माझी.
एकालाही मी पाहिलेलं नाही.
आजऱ्याचा एक जण घनसाळ भातावर लिहितो,
यंदा कुठल्या वाफ्यानं वास धरला, कुठल्यानं फसवलं.
गडहिंग्लजचा रिटायर मेकॅनिक लिहितो
एसटीच्या इंजिनांबद्दल, फक्त आवाजांबद्दल;
त्याच्यामुळं मी आता चढाला कान देऊन बसतो.
सावंतवाडीची नर्स, वर्षातनं दोनदा,
रात्रपाळी उतरल्यावर, बूट न काढता.
निपाणीच्या एक बाई गणित शिकवतात
आणि चुकलेली उत्तरं जपून ठेवतात.
पन्हाळ्यावरचा माणूस धुक्याची नोंद करतो:
तारीख, आणि खाली एक ओळ,
'आज तटबंदी दिसली नाही.'
उरलेले दोन मी कुणाला सांगत नाही.

हे लोक मनात आलं की लिहितात,
आणि मला कोण कळवणार?
शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर हजेरीपट,
रात्री सात दारं वाजवत फिरायचं,
सहा बंद.
आधी एक सोय होती, सगळे एका जागी यायचे.
तिनं तीस दिवसांची नोटीस दिली, फार गोड भाषेत.
आमच्या गुंडाप्पा टर्नरलाही तेवढेच दिवस दिले होते,
भाषा तेवढी गोड नव्हती.

"मग मोबाईलवर एवढं येतंय की दिवसभर!"
येतंय.
मी घोटभर मागतो, ते टँकर ओततात,
तोही पावडरचा.
घनसाळ विचारला तर कुणाचं तरी लग्न, कुणाची मारामारी,
आणि कुकरची जाहिरात आठवडाभर पाठीमागं.

सुकुमार जरा थांबला. "म्हणजे तुला कट्टा पाहिजे.
गंगावेशीत म्हैस समोर, पेला हातात,
धार सरळ पेल्यात. मधी कोण नको."

मधी कोण नको. एवढंच मला
वर्षभर कुणाला सांगता आलं नव्हतं.

बिलं करणाऱ्या तमन्ना मुल्लाणीनं
जीएसटी बाजूला सारून शोधाशोध केली.
पहिल्यानं कार्डाचा नंबर मागितला.
दुसऱ्यात वेलांट्या सुट्या पडायच्या,
ठिपक्यांच्या गोलावर लटकून,
जत्रेत हरवलेल्या पोरांसारख्या.
तिसरा साधा, पाटीसारखा. एक पत्ता चिकटवला,
दुसरा चिकटवला,
आणि एका रकान्यात सात नावं खाली खाली उभी राहिली.
मला उगाच घसा खाकरावा लागला.

"काका, ह्यो पन्हाळ्याचा तीन वर्षं बंद आहे. काढू?"
शेवटची नोंद तिनं वाचून दाखवली:
'उद्या चष्मा बदलायला खाली जायचं आहे.'

काट्यावर पोतं चढवत सुकुमार म्हणाला,
"भाकड झाली म्हणून दावणीची म्हैस
लगेच सोडत नाहीत बाई."

राहू दे, मी म्हटलं.

इतका वेळ बसलो, रिकाम्या हातानं कसं उठायचं,
म्हणून पाच किलो गोळीपेंड घेतली.
घरात म्हैस नाही.
जिन्याखाली ती पिशवी अजून आहे,
येणारा जाणारा विचारतो.

रकान्यात सहा नावांपुढं कधी एक येतं, कधी दोन;
मेकॅनिकनं परवा
बंद पडलेल्या गाडीच्या शांततेवर लिहिलंय.
सातव्यापुढं काही नाही.
काल सकाळी रंकाळ्यावर फिरताना
पश्चिमेकडं बघितलं, सगळं पांढरं.
खिशात पेंडीची पावती होती.
तिच्या पाठीवर तारीख टाकली
आणि खाली, त्याच्याच अक्षरात जमतंय का बघत,
एक ओळ.
त्याचं अक्षर मी कधी पाहिलेलंच नाही.